पाणी एकाहत्तर

पहाटे पाचला मी धक्क्यावरून दोरी सोडते,
टोकाला डेल्फामावशीचा थर्मामीटर,
त्याच्या पितळी नळीवर दातांच्या खुणा.
कुणाच्या, ते ती सांगत नाही.
शंभर मोजायचे. घाई करायची नाही.
मग दुकानात येऊन फळ्यावर खडूनं:
पाणी एकाहत्तर.
पातळी चार फूट वर.
ओढ्याच्या तोंडाशी गढूळ, विटा धुतल्यासारखं.
भिंतीपाशी हिरवं, आरपार.

अर्कन्सॉच्या या कोपऱ्यात मे सरत आला म्हणजे
डॉगवुडची फुलं केव्हाच गळालेली
आणि सहलीची बाकं पाण्यात.
ईस्टरला ज्या टेबलावर लोकांनी हॅम कापला
त्याच्याखाली आता क्रॅपी उभे आहेत,
पंगतीत पान वाढायची वाट बघावी तसे.

लोक फळा वाचायला येतात.
कॉफी घेतात, मिन्नो घेतात वीस-तीस,
टोपी मागे सारून विचारतात,
'शॅड आले का दगडांवर?'
आले.
उजाडायच्या आधी तासभर
धरणाच्या दगडांशी पाणी उकळल्यासारखं होतं,
रुपेरी अंगं एकमेकांवर घासत
अंडी चिकटवून जातात,
आणि त्यांच्यामागे जे यायचं ते येतंच.
तुतीच्या झाडाखाली कॅटफिश.
पिकलेलं फळ टपकलं की खालून एक रुंद तोंड,
टप्, गुळुप्.
फळ्यावर मी लिहिते, तुती पिकली. एवढंच.
कळणाऱ्याला कळतं.

पण तिसऱ्या उताराची ओळ
मावशी दर मे महिन्यात कोरी ठेवायची.
'तिसरा उतार', दोन टिंबं, पुढे काही नाही.
गावात यावर दोन मतं.
एक, रसेलकाका तिथं बुडाला.
तो बुडाला नाही, टल्साला गेला
एका दंतवैद्य बाईबरोबर.
दुसरं, तिथं मासाच नाही.

यंदा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
आणि खडू माझ्या हातात आला.
पहिल्याच दिवशी मी होडी तिकडं वळवली.
तीन फूट पाण्यात, बुडालेल्या दिव्याच्या खांबाशी
एक बास. नर.
घरटं झाडून झाडून
शेपटीची कड झिजून पांढरी पडलेली.
डोक्यावर पिलांचा काळा धूर,
मोहरीहून थोडी मोठी, हजारभर असतील,
हलली की सगळी एकदम हलायची.
मी गळ टाकला.
भूक म्हणून नाही घेतला त्यानं,
रागानं घेतला.
वर काढला, वजन केलं, चार पौंड दोन औंस,
फोटो काढला, सोडला.
मिनिटभर. फार तर दीड.
तेवढ्यात चहूकडून ब्लूगिल आले होते
आणि धुराला मोठं भोक पडलं होतं.

मावशी खुर्चीत मटार सोलत होती.
'पाणी कसंय?'
एकाहत्तर, म्हटलं.
'आणि तिसऱ्याला?'
मी बोलले नाही.
तिनं शेंगेच्या शिवणीवर नख ठेवलं,
फोडली नाही शेंग,
तशीच टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी न्हिआ वांग आला
कोंबड्यांच्या शेडवरून थेट, बाहीला पिसं,
गळाला त्याच्या आजोबांची गाठ,
लाओसच्या डोंगरातून इथवर न सुटलेली.
फळा वरून खाली वाचत गेला,
कोऱ्या जागेपाशी थांबला.
'यंदाही?'
'यंदाही.'
बादली उचलून पुलाकडं निघून गेला.

दुपारी धरणाचा भोंगा वाजला,
पाणी सोडणार होते.
मी तळहातानं चार पुसून साडेतीन केले.
आतून आवाज आला,
'खांबाशी होतं किती?'
तीन फूट.
'मग अडीच उरेल,' मावशी म्हणाली,
'पुरतं त्याला.'
मिन्नोच्या टाकीतला पंप पुन्हा अडकला होता.
खडू कानामागे खोचून
मी तो ठोकायला गेले.